न्यायमूर्तींचा कल आणि मोजपट्टीचा कल

मार्च २०१९ मध्ये फ्रान्सने न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी एक कायदा केला. त्याच्या ३३व्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे. न्यायालयांचे निकाल जनतेला खुले असावेत, परंतु त्यांतील न्यायाधीशांच्या नावांचा वापर करून त्यांच्या कामाच्या पद्धतीचे मूल्यमापन, विश्लेषण, तुलना किंवा भाकीत कोणी करू नये, आणि केल्यास त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असे ते कलम सांगते. निकाल वाचा, त्यावर टीका करा, पण कोणत्या न्यायाधीशाने किती वेळा कोणत्या बाजूने निकाल दिला याची बेरीज मात्र मांडू नका, असा त्याचा सरळ अर्थ. अशी बेरीज खुली झाली तर पक्षकार सोयीचे न्यायालय शोधू लागतील आणि न्यायाधीशांवर दडपण येईल, हे त्यामागचे समर्थन आहे.

अमेरिकेत हेच काम गेली पाऊणशे वर्षे विद्यापीठांत उघडपणे चालू आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या प्रत्येक न्यायमूर्तीचा धोरणविषयक कल दर वर्षी एका आकड्यात, तोही दशांश चिन्हापुढील तीन स्थळांपर्यंत, प्रसिद्ध होतो आणि वर्तमानपत्रे त्यावरून आलेख काढतात. एका लोकशाहीत जे कृत्य गुन्हा आहे, ते दुसऱ्या लोकशाहीत शिष्यवृत्ती मिळवून देणारे संशोधन आहे. या दोन टोकांपैकी फ्रान्सचे टोक मला अधिक चुकीचे वाटते. मात्र ते चुकीचे आहे म्हणून अमेरिकी आकडे जे सांगतात असे समजले जाते ते सगळे खरे ठरत नाही. न्यायमूर्तींची मते मोजलीच पाहिजेत; प्रश्न हा आहे की मोजून हाती आलेला आकडा न्यायमूर्तीच्या मनातील धोरणाचा आहे, कायद्याच्या अर्थाविषयीच्या त्याच्या भूमिकेचा आहे, की त्याच्यापुढे कोणती प्रकरणे आणली गेली याचा आहे.

या मोजणीची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून झाली. १९४० च्या दशकात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातील बहुतेक सर्व न्यायमूर्ती एकाच अध्यक्षाने, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, नेमलेले होते, तरीही भिन्नमताच्या निकालपत्रांची संख्या वाढतच होती. राज्यशास्त्राचे अभ्यासक सी. हर्मन प्रिचेट यांनी कोण कोणाबरोबर किती वेळा मत देतो याचे तक्ते मांडले आणि १९४८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा तर्क असा होता की खटला तोच, कायदा तोच, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तेच, आणि तरीही नऊ विद्वान माणसे दोन गटांत विभागली जात असतील, आणि तेच गट पुन्हापुन्हा बनत असतील, तर फरकाचे कारण कायद्याच्या पुस्तकात नसून त्या माणसांतच असले पाहिजे.

पुढे जेफ्री सीगल आणि हॅरल्ड स्पेथ यांनी १९९३ मध्ये या तर्काला पूर्ण सिद्धान्ताचे रूप दिले. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट एका बाजूने मत देतात कारण ते पुराणमतवादी आहेत, आणि न्यायमूर्ती मार्शल दुसऱ्या बाजूने देतात कारण ते उदारमतवादी आहेत, इतके ते विधान निःसंकोच होते. त्याला आधारही होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे पद तहहयात असते, त्याच्यावर अपील ऐकणारे न्यायालय नसते, त्याहून मोठ्या पदाची हाव क्वचितच कोणाला असते आणि कोणते खटले ऐकायचे हेही तेच ठरवतात. ज्याला कोणी अडवू शकत नाही तो मनाप्रमाणे वागेल, हा अंदाज काही वावगा नव्हता.

अडचण पुराव्याची होती. न्यायमूर्ती उदारमतवादी आहे हे कशावरून, तर तो उदारमतवादी मते देतो यावरून. आणि तो तशी मते का देतो, तर तो उदारमतवादी आहे म्हणून. असे गोल फिरणारे स्पष्टीकरण काहीच स्पष्ट करत नाही. यातून मार्ग काढण्यासाठी सीगल आणि अल्बर्ट कव्हर यांनी त्याआधीच, १९८९ मध्ये, एक चतुर युक्ती वापरली होती. न्यायमूर्तीचे नाव अध्यक्षांनी जाहीर केल्यापासून सिनेटच्या मंजुरीपर्यंतच्या काळात चार मोठ्या वृत्तपत्रांनी, त्यांतील दोन उदारमतवादी वळणाची आणि दोन पुराणमतवादी वळणाची, त्या व्यक्तीविषयी जे अग्रलेख लिहिले, त्यांवरून त्यांनी तिच्या मतांचा गुणांक काढला. एकही मत पडण्याआधी, न्यायालयाबाहेरच्या साक्षीवरून काढलेला हा आकडा होता. अर्ल वॉरन यांच्यापासून अँथनी केनेडी यांच्यापर्यंतच्या न्यायमूर्तींनी नागरी स्वातंत्र्याच्या खटल्यांत दिलेल्या मतांशी तो ताडून पाहिला तेव्हा सहसंबंध, म्हणजे दोन मोजमापे किती बरोबरीने चालतात याचे माप (पूर्ण मेळ असेल तर १), ०.८० इतका निघाला. समाजशास्त्रात असा आकडा सहसा दिसत नाही.

या ०.८० वर नंतर इतके मजले चढवले गेले आहेत की त्याचा पाया नीट पाहणे आवश्यक आहे. तो सहसंबंध एकेका मताचा नाही. प्रत्येक न्यायमूर्तीने अशा खटल्यांत एकूण किती टक्के वेळा उदारमतवादी बाजू घेतली, त्या सरासरीचा तो सहसंबंध आहे. समजा एक न्यायमूर्ती शंभरपैकी साठ वेळा आणि दुसरा चाळीस वेळा त्या बाजूने मत देतो, आणि दोघांमधील हा फरक त्यांच्या कलाने संपूर्णपणे स्पष्ट होतो. तरीही शंभरपैकी ऐंशी खटल्यांत दोघांचे मत एकच असू शकते. सरासरींतील फरकाचे स्पष्टीकरण मिळाले म्हणजे मतांचे स्पष्टीकरण मिळाले असे होत नाही, आणि लोकप्रिय लिखाणात नेमकी हीच गल्लत सर्वाधिक होते. शिवाय तो आकडा नागरी स्वातंत्र्यापुरता होता. हीच मोजपट्टी आर्थिक किंवा संघराज्यविषयक खटल्यांना लावू नये, असा इशारा ली एपस्टाइन आणि कॅरल मर्शन यांनी १९९६ मध्येच दिला होता. तो ऐकणारे थोडे आणि मोजपट्टी उचलून कुठेही लावणारे पुष्कळ निघाले.

आज सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत अँड्रयू मार्टिन आणि केव्हिन क्विन यांची आहे. ती २००२ मध्ये पुढे आली. तिचे गणित परीक्षांच्या शास्त्रातून आलेले आहे. परीक्षेत कोणता विद्यार्थी किती हुशार आणि कोणता प्रश्न किती अवघड, या दोन्ही गोष्टी केवळ उत्तरांवरून एकाच वेळी काढता येतात. येथे खटला हा प्रश्न, मत हे उत्तर, आणि हुशारीच्या जागी कल. न्यायमूर्ती दर वर्षी थोडा सरकू शकतो, अशीही तिच्यात सोय आहे. संख्याशास्त्र म्हणून ती सुंदर आहे. पण तिला काय दिसते आणि काय दिसत नाही हे लक्षात ठेवावे लागते. ती निकालपत्र वाचत नाही. खटला गर्भपाताचा आहे की कराचा, हे तिला ठाऊक नसते. कोण कोणाबरोबर उभा राहिला आणि कोणाविरुद्ध, एवढेच ती पाहते, आणि त्या विभागणीतील सर्वात ठळक रेषेवर सर्वांना ओळीने बसवते. त्या रेषेला उदारमतवाद-पुराणमतवाद असे नाव देणारे आपण असतो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जे खटले एकमताने निकाली निघतात त्यांतून या पद्धतीला कोणतीच माहिती मिळत नाही, म्हणून ते गणनेतून वगळलेलेच असतात. २०१३-१४ च्या सत्रात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे सुमारे दोन-तृतीयांश निकाल एकमताचे होते. म्हणजे त्या वर्षीचे आकडे उरलेल्या एक-तृतीयांश कामावर उभे आहेत. भांडणांवरून बनवलेल्या मोजपट्टीने माणसे भांडखोर ठरली, तर त्यात नवल ते काय!

मत आणि मन यांतील अंतर किती असू शकते याचे हॅरी ब्लॅकमन यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. अध्यक्ष निक्सन यांनी १९७० मध्ये नेमलेले हे न्यायमूर्ती सुरुवातीला पुराणमतवादी गटात मोजले जात आणि १९९४ मध्ये निवृत्त होताना न्यायालयातील सर्वात उदारमतवादी न्यायमूर्तींपैकी एक होते. आकड्यांच्या आलेखावर त्यांची रेषा उजवीकडून डावीकडे सरकत गेलेली दिसते, आणि काळाबरोबर त्यांची धोरणे बदलली असा तिचा अर्थ लावला जातो. परंतु १९७२ च्या फर्मन खटल्यात त्यांनी काय लिहिले ते पाहावे. मृत्युदंडाविषयी आपल्याला मनस्वी तिटकारा आहे, आपण विधिमंडळात असतो तर त्याच्या विरोधात मत दिले असते, पण न्यायमूर्ती म्हणून तो घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून त्यांनी मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. १९९४ मध्ये त्यांनीच आपल्या भिन्नमतात जाहीर केले की मृत्युदंडाच्या यंत्रणेत डागडुजी करण्याचा प्रयत्न आपण यापुढे करणार नाही. या बावीस वर्षांत मृत्युदंडाविषयीची त्यांची नावड तीच राहिली होती. बदलली होती ती न्यायाधीशाने कोठवर जावे याविषयीची समजूत, आणि ती समजूत बदलण्यामागे अशा खटल्यांची फाइल वर्षानुवर्षे हातातून गेल्याचा अनुभव होता. मोजपट्टीला मात्र फक्त मत दिसले, आणि तिने ते 'कल' या एकाच रकान्यात टाकले.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. १९८९ मध्ये राष्ट्रध्वज जाळणाऱ्याला शिक्षा करता येते का, असा प्रश्न आला तेव्हा पुराणमतवादी अँटोनिन स्कॅलिया यांनी उदारमतवादी ब्रेनन आणि मार्शल यांच्याबरोबर पाच विरुद्ध चार अशा बहुमतात राहून त्या कृत्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. ध्वज जाळणारा त्यांना किती अप्रिय होता हे ते नंतरही सांगत असत. त्याच खटल्यात एरवी उदारमतवादी गणले जाणारे जॉन पॉल स्टीव्हन्स विरुद्ध बाजूला होते. २०२० मध्ये नील गॉरसच यांनी चार उदारमतवादी सहकाऱ्यांबरोबर जाऊन पूर्व ओक्लाहोमातील मोठा भूभाग, निदान फौजदारी अधिकारक्षेत्रापुरता, आजही क्रीक आदिवासी राष्ट्राचे राखीव क्षेत्रच आहे, कारण अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, त्या राष्ट्राशी झालेले करार मोडणारा कायदा कधी स्पष्ट शब्दांत केलाच नाही, असा निर्णय दिला. ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायमूर्तीकडून धोरणाच्या अंगाने अपेक्षित असलेले हे मत नव्हते. मजकुराच्या शब्दांना चिकटून राहणाऱ्या न्यायमूर्तीकडून मात्र ते अपेक्षित होते.

यावर मोजणाऱ्यांचे उत्तर असे असते की असे खटले अपवादात्मक आहेत, आणि कायद्याचा अर्थ लावण्याची पद्धतही न्यायमूर्ती आपल्या धोरणाला सोयीची अशीच निवडतो. यातील दुसऱ्या भागात बरेच तथ्य आहे. घटनेच्या मूळ अर्थाला चिकटून राहावे असे म्हणणारे न्यायमूर्ती बहुतेक वेळा पुराणमतवादी पक्षाने नेमलेले असतात, हा योगायोग नाही. पण मग निष्कर्ष एवढाच निघतो की धोरण आणि पद्धत बहुतांश खटल्यांत एकाच दिशेने ओढतात, आणि जेथे दोन्ही एकाच दिशेने ओढतात तेथे मत कशामुळे पडले हे कोणत्याही गणिताने सांगता येणार नाही. त्यासाठी दोन्हींची ओढ परस्परविरुद्ध असेल असेच खटले वेगळे काढून तपासावे लागतील. ते संख्येने थोडे असतात आणि त्यांची निवड करताना निकालपत्र वाचावे लागते. म्हणूनच हे काम कमी होते. जे सहज मोजता येते ते मोजून झाल्यावर त्यालाच महत्त्वाचे म्हणण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही.

कोणता निकाल 'उदारमतवादी' म्हणायचा, हेही वाटते तितके सोपे नाही. स्पेथ यांनी उभारलेल्या आणि आता सर्वांना खुल्या असलेल्या माहितीसंचात यासाठी नियम ठरवलेले आहेत. ढोबळमानाने आरोपीच्या, कामगार संघटनेच्या, नागरी हक्क मागणाऱ्याच्या बाजूचा निकाल उदारमतवादी. पण काळ नियमांच्या पुढे जातो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा पूर्वी बहुधा डावे पत्रकवाले आणि आंदोलक करत. २०१० मध्ये तोच दावा निवडणुकीत पैसा खर्च करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या वतीने आला आणि पाच पुराणमतवादी न्यायमूर्तींनी तो मान्य केला. येथे उदारमतवादी कोण? हक्काकडे पाहिले तर एक उत्तर येते आणि हक्क कोण मागतो आहे याकडे पाहिले तर दुसरे. नोंद करणारा जे उत्तर निवडतो ते पुढे हजारो ओळींच्या तक्त्यात शिरते आणि नंतर वस्तुस्थिती म्हणून बाहेर येते.

तरीही माझ्या मते सर्वात मोठा दोष गणितात किंवा नोंदणीत नसून प्रकरणांच्या निवडीत आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाकडे दर वर्षी हजारो अर्ज येतात आणि त्यांतून साठ-सत्तर प्रकरणे पूर्ण सुनावणीला निवडली जातात. नऊपैकी चार न्यायमूर्तींनी होकार दिला की प्रकरण दाखल होते. ज्या वादात कायदा स्पष्ट आहे तो वाद मुळात खालीच मिटतो, किंबहुना चांगला वकील तो न्यायालयात नेतच नाही. शिखरापर्यंत पोचतात ती प्रकरणे, जेथे खालची न्यायालयेच एकमेकांशी असहमत असतात आणि कायद्याचा मजकूर दोन्ही अर्थ पेलू शकतो. कायद्याचे बळ किती, हे तपासण्यासाठी ही जगातील सर्वात गैरसोयीची जागा आहे. तेथे धोरणाचा प्रभाव दिसतो यावरून न्यायालये धोरणानेच चालतात असे अनुमान काढणे म्हणजे फक्त अतिदक्षता विभाग पाहून शहराच्या प्रकृतीचे निदान करण्यासारखे आहे. गंमत अशी की याच कारणाने प्रभाव कमीही मोजला जातो. कोणते प्रकरण घ्यायचे, कोणते वर्षभर थांबवायचे, निकालपत्र कोणी लिहायचे, नियम रुंद आखायचा की अरुंद, या सर्व ठिकाणी न्यायमूर्तीचा कल मतापेक्षा जास्त मोकळेपणाने वावरतो, आणि त्यांतील काहीच मतांच्या तक्त्यात उतरत नाही.

भाकिताच्या कसोटीवर काय होते हेही पाहण्याजोगे आहे. २००२-०३ च्या सत्रापूर्वी अभ्यासकांच्या एका गटाने मोजक्या घटकांवर चालणारे संख्याशास्त्रीय प्रतिमान आणि कायद्याचे नामांकित जाणकार यांची स्पर्धा लावली. खटल्यांचे निकाल ओळखण्यात प्रतिमान ७५ टक्के वेळा बरोबर ठरले आणि जाणकार ५९.१ टक्के वेळा. या बातमीचा बराच गाजावाजा झाला. पण एकेका न्यायमूर्तीचे मत ओळखण्यात दोघांचे यश जवळजवळ सारखेच, सुमारे दोन-तृतीयांश होते. आणि हे न्यायालय ऐकायला घेतलेल्या प्रकरणांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत खालचा निकाल फिरवतेच. डोळे मिटून 'निकाल फिरणार' असे दर वेळी म्हणणाऱ्यालाही बरे गुण मिळाले असते.

मग विश्वासार्ह मोजणी कोणती? जेथे प्रकरण कोणाकडे जावे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, तेथील. अमेरिकेच्या अपील न्यायालयांत तीन न्यायाधीशांची पीठे बहुतांशी यदृच्छेने बनतात, त्यामुळे सारख्याच प्रकारचे खटले वेगवेगळ्या वळणाच्या न्यायाधीशांपुढे गेल्यावर काय होते हे खऱ्या अर्थाने ताडून पाहता येते. कॅस सनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेले निष्कर्ष मला म्हणूनच अधिक वजनदार वाटतात, आणि ते कोणत्याच गटाला पूर्ण खूश करणारे नाहीत. अनेक विषयांत नेमणूक करणाऱ्या अध्यक्षाच्या पक्षाप्रमाणे मतांत फरक पडतो, पण फौजदारी अपिलांसारख्या काही विषयांत तो आढळला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेमोक्रॅटिक अध्यक्षाने नेमलेला न्यायाधीश दोन रिपब्लिकन नेमणुकांच्या मध्ये बसला की त्याचे मत त्यांच्या दिशेने सरकते, आणि उलटही तसेच घडते. गर्भपात आणि मृत्युदंड या विषयांत मात्र शेजारी कोण बसला आहे याचा काही परिणाम दिसला नाही. एकच माणूस, त्याच मनाने, एका विषयात शेजाऱ्याचे ऐकतो आणि दुसऱ्यात ऐकत नाही. एका व्यक्तीला एक आकडा देणाऱ्या पद्धतीत हे बसवायला जागाच नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयातही पाच-पाच न्यायमूर्तींची पीठे जवळजवळ यदृच्छेने बनतात, आणि तेथे आर्थिक प्रकरणांत नेमणूक करणाऱ्या सरकारच्या वळणाचा ठसा अभ्यासकांना आढळला आहे. न्यायालयाची प्रतिमा संपूर्ण अराजकीय असलेल्या देशात हे दिसले, याचे महत्त्व अमेरिकी आलेखांपेक्षा मला जास्त वाटते.

अमेरिकी आकड्यांविषयी आणखी एक शंका घ्यायला हवी. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉरन आणि ब्रेनन यांना नेमले, थोरले बुश यांनी १९९० मध्ये डेव्हिड सूटर यांना नेमले, आणि तिघेही नेमणाऱ्या पक्षाच्या अपेक्षेच्या विरुद्ध गेले. 'पुन्हा सूटर नको' ही पुढे रिपब्लिकन गोटात घोषणाच झाली. २०१० मध्ये स्टीव्हन्स निवृत्त होऊन एलेना केगन आल्यावर प्रथमच असे घडले की न्यायालयातील दोन वैचारिक गट आणि नेमणूक करणारे दोन पक्ष यांची वाटणी तंतोतंत जुळली. यावरून न्यायमूर्ती पूर्वीपेक्षा अधिक राजकीय झाले असे अनेक जण म्हणतात. मला वाटते, बदलले ते नेमणारे. उमेदवाराची पूर्वीची निकालपत्रे, भाषणे, संघटना, सहकारी हे सारे गाळणीतून काढून घेण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले, आणि मग बसवलेला माणूस अपेक्षेप्रमाणे मत देतो यात मोजपट्टीला मोठा सहसंबंध दिसू लागला. तो सहसंबंध काही अंशी निवड करणाऱ्यांच्या कौशल्याचा आहे. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयात न्यायाधीश निवडण्यासाठी संसदेच्या सभागृहात दोन-तृतीयांश मते लागतात आणि मुदत बारा वर्षांची असते. तेथे टोकाचा उमेदवार दारातच अडतो. तेथील न्यायाधीशांना मते नाहीत असा याचा अर्थ नव्हे. मते आहेत, पण मोजणाऱ्याच्या हाती फरक फारसा लागत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला ही मोजपट्टी उचलून लावावी का, हा प्रश्न यानंतर अटळ आहे, आणि माझे उत्तर नकाराकडे झुकते. तेथे चौतीस न्यायमूर्तींची मंजूर संख्या आहे, बहुतेक काम दोन किंवा तीन न्यायमूर्तींच्या पीठांपुढे चालते, घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच किमान पाच जणांचे घटनापीठ बसते, आणि भिन्नमत दुर्मीळ असते. संसद घटना कोठवर बदलू शकते हे ठरवणाऱ्या १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील तेरा न्यायमूर्तींची सात विरुद्ध सहा अशी विभागणी किंवा आणीबाणीतील अटकेला न्यायालयात आव्हान देता येते का, या १९७६ च्या बंदिप्रत्यक्षीकरण खटल्यात न्या. एच. आर. खन्ना यांचे एकाकी भिन्नमत आपण आजही सांगतो, याचे एक कारण अशा विभागण्या थोड्या असतात हेही आहे. विभागणीच नसेल तर विभागणीवर चालणारे गणित काय करणार? येथे कल शोधायचा तर मतात शोधून उपयोग नाही. कोणते प्रकरण कोणत्या पीठाकडे द्यायचे हे सरन्यायाधीश ठरवतात. 'मास्टर ऑफ द रोस्टर' ही त्यांची भूमिका न्यायालयाने २०१८ मध्ये स्वतःच्या निकालांत पुन्हा अधोरेखित केली, आणि त्याच वर्षी १२ जानेवारीला चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन जो आक्षेप नोंदवला तो कोणाच्या मताविषयी नव्हता, प्रकरणांच्या वाटपाविषयी होता. तीस-बत्तीस न्यायमूर्तींतून दोन किंवा तीन निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याचा कल एकही मत न देता निकालात उतरू शकतो.

आणि मोजणी नसल्याने भारतीय न्यायमूर्ती राजकीय मोजणीपासून सुरक्षित राहिले, असेही झालेले नाही. केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. डावललेले तिघेही त्या खटल्यात सरकारविरुद्ध गेलेल्या बहुमतात होते. न्यायाधीशाचा जीवनविषयक दृष्टिकोन पाहण्याचा सरकारला अधिकार आहे, असे समर्थन मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत केले. न्या. खन्ना यांनाही १९७७ मध्ये त्याच वाटेने जावे लागले. या सगळ्यासाठी कोणी सहसंबंध काढला नव्हता. सत्तेला न्यायमूर्तींची मते मोजता येतातच; तिचे तक्ते बंद खोलीत तयार होतात आणि त्यांतील चुका कोणाला दाखवता येत नाहीत.

फ्रान्सच्या कलमावर माझा आक्षेप याच ठिकाणी येऊन थांबतो. कोणता न्यायाधीश जामिनाच्या बाबतीत कडक आहे आणि कोणापुढे भाडेकरूची बाजू टिकते, हे प्रत्येक न्यायालयाच्या बार रूममध्ये जुन्या वकिलांना तोंडपाठ असते. ही माहिती विकत मिळते, फक्त ती वकिलाच्या फीमध्ये मिसळलेली असते. बंदीने ती नाहीशी होत नाही, ज्याला जुना वकील परवडत नाही त्याच्यापासून तेवढी दूर जाते. बार रूममधील त्या समजुतीत अफवा किती आणि तथ्य किती हे तपासण्याचा एकच मार्ग होता, आणि कायद्याने तोच गुन्हा ठरवला. दडपणाची भीती खरी आहे, हे मान्य. वर्तमानपत्रात आपल्या नावापुढे आकडा छापून येईल या विचाराने न्यायाधीश तो आकडा सांभाळू लागला, तर ते वाईटच. त्यावरचा उपाय आकडा काढणाऱ्यांवर काही जबाबदाऱ्या टाकण्यात आहे. आकड्यासोबत त्याची संभाव्य चूक छापावी. वगळलेले एकमताचे निकाल किती, ते सांगावे. कोणता निकाल कोणत्या बाजूचा मानला त्याचा नियम उघड करावा. आणि थोड्या प्रकरणांवरून एखाद्या व्यक्तीला अंक चिकटवू नये.

न्यायालयांनी करायचे कामही याहून फार अवघड नाही. प्रकरण कोणत्या तारखेला दाखल झाले, कोणत्या पीठाकडे कोणत्या नियमाने गेले, मध्येच एका पीठाकडून दुसऱ्याकडे का वळवले, किती वेळा यादीत येऊन पुढे ढकलले गेले, या नोंदी निबंधकांच्या कार्यालयात आजही असतात. त्या यंत्राने वाचता येतील अशा रूपात, सलग आणि संपूर्ण प्रसिद्ध केल्या, आणि साध्या प्रकरणांचे वाटप यदृच्छेने होऊ लागले, तर न्यायमूर्तींच्या मनात न शिरताही पीठ बदलल्याने निकाल बदलतो का, आणि कोणत्या विषयांत बदलतो, एवढे कोणालाही तपासता येईल. सध्या आपण नऊ माणसांच्या मतांवर दशांश चिन्हापुढे तीन स्थळे मोजतो आहोत आणि प्रकरण त्या माणसांपर्यंत कोणी, कधी आणि का नेले याची साधी नोंदवहीही उघडलेली नाही.